बालवाडीतली मोठी पोरं

"बाई, उद्या ही लेकरं तुमच्याकडं बसतील," मुळीक सर दारातूनच म्हणाले.

मी खाली बसून एका लेकराच्या तोंडाची खिचडी पुसत होते. मान वर करून बघितलं तर सरांच्या मागं व्हरांड्यात नऊ-दहा पोरं रांगेत उभी. पहिलीची, दुसरीची, दोघी-तिघी तिसरीच्या. सगळ्यांच्या माना खाली. मोठी पोरं अशी गप उभी राहिली की समजावं, त्यांना कुणीतरी काहीतरी सांगून आणलंय.

"कशाला?" मी विचारलं.

"उद्या जिल्ह्याचं पथक येतंय ना, तपासणीला."

"ते माहीत आहे मला. ही माझ्याकडं कशाला?"

सर आत आले. चपला घालून आले. आमच्या खोलीत लेकरं जमिनीवर बसतात, जमिनीवर लोळतात, सांडलेलं उचलून तोंडात घालतात, म्हणून मी चपला बाहेर काढायला लावायची. नगराध्यक्ष आले होते तेव्हा त्यांनाही लावल्या होत्या. सरांना हे चांगलं ठाऊक होतं. तरी ते चपलांसकट सतरंजीवर उभे राहिले आणि माझ्या डोक्यात तिथंच पहिली तिडीक गेली.

निंबसरच्या नगरपालिकेची ती शाळा. रस्त्याकडची खोली बालवाडीची, मागं अंगण, अंगणापलीकडं पहिली ते चौथी. मुळीक सर मुख्याध्यापक, आणि शिक्षक कमी म्हणून तिसरीचा वर्गही त्यांच्याकडंच. मी बालवाडीची बाई. माझं आडनाव डोईफोडे. आडनावावरून लोकांनी माझी खूप टिंगल केली, पण खरं सांगू, मला ते आवडायचं. काही माणसांशी बोलताना ते फार उपयोगी पडतं.

"ही जरा कच्ची आहेत," सर आवाज खाली आणून म्हणाले. "वाचनात. साहेब कुणालाही उभं करतात आणि वाच म्हणतात. एक जरी अडलं तरी वर्गाची श्रेणी घसरते. ही तुमच्यात मिसळून गेली की तिकडं राहिलेली सगळी घडाघडा वाचतील. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"आणि हजेरीत?"

"गावाला गेलीत."

"म्हणजे शाळेत असून गावाला."

"बाई, बालवाडीत कुणी वाचायला लावत नाही," असं म्हणून ते हसले. मग पोरांकडं वळले आणि एकदम लाडाच्या आवाजात बोलायला लागले. त्यांचा तो आवाज मला रागावल्यापेक्षा वाईट वाटायचा. "काय रे, लंगडी खेळताना लहान भावंडाला कसं घेता तुम्ही? कच्चं लिंबू म्हणून ना? त्यानं पळायचं, खेळायचं, पण त्याला धरला तरी तो बाद नाही. तो मोजायचाच नाही. तसं उद्या तुम्ही कच्ची लिंबं. मजेत बसायचं इथं. कळलं का?"

दोघंतिघं फिसकन हसले. रांगेच्या टोकाला मंजुळा उभी होती, ती हसली नाही.

"सर, मी कच्चं लिंबू नसते," ती म्हणाली. "माझ्यावर राज्य येतं."

"उद्या असायचं. आणि गणवेश घालून येऊ नका. घरचा कपडा घाला, जुना, लहान असेल तो. वेणी नको. मोकळे केस नाहीतर बो बांधून या, बारक्या पोरी येतात तसं."

सांगून झालं तसं सरांनी पोरांना पिटाळलं. मी दाराशी आडवी उभी राहिले.

"हे माझ्या खोलीत होणार नाही सर."

"बाई, तुमच्या बालवाडीसाठीच चाललंय हे," सर म्हणाले. आणि तिथं त्यांनी माझी दुखरी जागा बरोबर दाबली.

टेकाळे म्हणून आमचे शिक्षण सभापती होते. त्यांच्या सुनेला इंग्रजी केजी काढायची होती आणि आमची रस्त्याकडची खोली त्यांच्या डोळ्यात भरली होती. दर सभेत ते उठायचे आणि बोलायचे, की नगरपालिकेच्या शाळा मागं का, तर बालवाडीत पाया कच्चा राहतो म्हणून. तिथं गाणी म्हणतात, खिचडी खातात आणि झोपतात. त्यापेक्षा ती बंद करा आणि खोली कामाच्या माणसाला द्या. शाळेला वरची श्रेणी मिळाली तर त्यांचं तोंड बंद होणार होतं. नाही मिळाली तर पहिली कुऱ्हाड आमच्यावर. आणि आमच्याकडं येणारी लेकरं कुणाची? वीटभट्टीवरच्यांची, बाजारातल्या हमालांची, धुणीभांडी करणाऱ्यांची, ऊसतोडीला गेलेल्यांची. त्यांना केजीच्या दारातही कुणी उभं केलं नसतं. खोली गेली की ती विटांच्या ढिगाऱ्यात आणि रस्त्यावर.

"श्रेणी आली की बालवाडी टिकली," सर म्हणाले. "तुम्ही फक्त काही बोलू नका. तेवढं तरी जमेल ना?"

"नाही जमणार."

"विचार करा," असं म्हणून ते गेले. सतरंजीवर त्यांच्या चपलांची माती तशीच राहिली.

गयाबाई आमची मदतनीस. खिचडी शिजवायची, लेकरं घरून आणायची, घरी पोचवायची. ती सगळं ऐकत होती. सतरंजी झटकता झटकता म्हणाली, "बाई, दोन घटका बसली तर बसू द्या की. आपलं काय जातंय?"

"आपलं नाही जात गयाबाई. त्या पोरांचं जातंय."

"त्यांना काय कळतंय?"

"मंजुळाला कळलं, तू ऐकलं नाहीस का?"

मंजुळा आम्हा दोघींच्या हाताखालून गेलेली पोर. बोलायला धीट, पळायला वाऱ्यासारखी, आणि दर वर्षी दसरा झाला की आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायची ती थेट उन्हाळ्यात परत यायची. पहिली अशी गेली, दुसरी अशी गेली. त्या वर्षी मात्र तिची आई निघायच्या आधी माझ्या घरी आली. गाडी भरलेली होती, खाली उतरून आली. "बाई," म्हणाली, "या साली पोरगी आजीपाशी ठेवून चाललेय. तिच्या हातात कोयता नको मला. तिसरीत गेलीय, आता बसू द्या तिला शाळेत." तिनं हे मुळीक सरांना सांगायला हवं होतं. पण सरांच्या समोर तिची मान वर होत नव्हती, म्हणून ती माझ्याकडं आली होती.

मी सरांना सांगितलं. एकदा नाही, चारदा सांगितलं. सरांनी मंजुळाला शेवटच्या रांगेत दाराजवळ बसवलं, कारण ती चपळ. पाणी आण, खडू आण, चौथीच्या गुरुजींना हा निरोप दे. अख्खं वर्ष पोर शाळेत होती, आणि शाळेतल्या शाळेत निरोप पोचवत होती. मी कधी व्हरांड्यात तिला थांबवून विचारायची, आज काय शिकवलं. ती म्हणायची, "मी चहा सांगायला गेले होते." आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ऊस तोडणाऱ्या आईनं पोर शाळेसाठी मागं ठेवली होती. आईपासून लांब, हाडाची काडं झालेल्या म्हातारीपाशी. आणि यांनी तिला चहा सांगायला लावला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. म्हटलं, पोरं आली की दारातूनच परत पाठवीन, प्रत्येकाला त्याच्या वर्गात. तर खोलीचं कुलूप आधीच उघडलेलं. दुसरी किल्ली सरांकडं असायची. आत भिंतीला टेकून सगळी मोठी पोरं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर आमचं एकेक खेळणं दिलेलं. दुसरीतला एक दांडगा पोरगा मांडीवर कापडी ससा घेऊन असा बसला होता की बघवत नव्हतं.

मंजुळा कोपऱ्यात होती. तिच्या अंगात पहिलीतला फ्रॉक होता, काखेत काचत होता, आणि गुडघ्याच्या पार वर गेला होता. तिनं पाय पोटाशी घेतले होते आणि दोन्ही हातांनी फ्रॉकचा घेर खाली ओढून धरला होता. म्हातारीनं लाल रिबिनीचा भला मोठा बो बांधला होता. सरांनी सांगितलंय म्हणजे शाळेचा काहीतरी कार्यक्रम असणार असं वाटून म्हातारीनं हौसेनं बांधला असणार.

आमची बारकी लेकरं यायला लागली. आमच्यात एक चिंगी होती, मंजुळाच्याच गल्लीतली. ती आली, मंजुळासमोर उभी राहिली, तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मंजीताई, तू परत लहान झाली?"

मंजुळानं तिच्याकडं बघितलं नाही. पण तिचे कान लाल झाले.

"उठा सगळे," मी म्हटलं. "आपापल्या वर्गात जा. सर विचारतील तर सांगा, डोईफोडे बाईंनी पाठवलं."

पोरं उठली, तेवढ्यात जीप फाटकात शिरली. मुळीक सर अंगणातून धावत आले, मला हात जोडले, "बाई, आता नको, साहेब समोर आहेत, पोरांना अंगणातून नेलं तर सगळं उघडं पडेल," असं पुटपुटले आणि तसेच धावत हार घेऊन जीपकडं गेले. दाराबाहेर साहेब, त्यांच्यामागं दोन माणसं, त्यांच्यामागं टेकाळे. मी दारातच अडकले. पोरं बघत होती माझ्याकडं, आता बसायचं का उभं राहायचं.

"बसा," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

साहेब आधी मोठ्या वर्गांकडं गेले. नाव निंबोरकर, वयानं पोक्त, बोलायला मऊ. अंगणापलीकडून आवाज येत होते. पहिलीनं वाचलं, दुसरीनं वाचलं. मग तिसरीचा धडा सुरू झाला, एका पोरानं अर्धा वाचला, दुसऱ्यानं तिथून उचलला, आणि साहेबांचं "वा, छान" ऐकू आलं. मी मंजुळाकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते. तो धडा तिलाही येत होता. दिवाळीपासून सर तोच एक धडा सगळ्या वर्गाकडून रोज मोठ्यानं म्हणून घेत होते, तपासणीला हाच काढू म्हणून. दाराशी बसूनसुद्धा तो तिच्या कानात शिरला होता. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं आणि धडा अख्खा तोंडपाठ होता.

मग साहेब आमच्याकडं आले. चपला बाहेर काढल्या त्यांनी, हे मी कबूल करते. टेकाळ्यांनी नाही काढल्या. मुळीक सर घामेजले होते पण चेहरा फुलला होता. तिकडं सगळं पार पडलं होतं.

आमच्या लेकरांनी हातवारे करून गाणं म्हटलं. गयाबाईनं खिचडीचं पातेलं दाखवलं. साहेबांनी एकदोघांना गालाला हात लावून नावं विचारली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला वाटलं, आता निघतील. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा तेच हवं होतं. दार बंद होऊ दे, मग मी मुळीक सरांचं काय करायचं ते करीन.

साहेब दाराकडं वळले आणि त्यांची नजर मंजुळावर गेली. कोपऱ्यात होती तरी मान सगळ्यांच्या वर. बो त्याच्याही वर.

"काय गं बाळ," ते वाकून म्हणाले, "आता पुढच्या वर्षी पहिलीत जायचं ना?"

मंजुळा उभी राहिली. एका हातानं फ्रॉक खाली ओढून धरलेला.

"मी तिसरीत आहे," ती म्हणाली.

मुळीक सर पटकन हसले. "मोठी बहीण तिसरीत आहे साहेब. तिचं बघून ही पण म्हणते. लहान पोरांना मोठं व्हायची घाई."

"मला बहीण नाही," मंजुळा म्हणाली. "मी तिसरीत आहे. सरांच्या वर्गात. मी कच्चं लिंबू नाही."

साहेबांनी टेकाळ्यांकडं बघितलं, सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाई, ही कितवीत आहे?"

आता मला सांगा, काय करायचं माणसानं? माझ्यासमोर ती पोर उभी होती, आणि तिच्या पायाशी आमची पंचवीस-तीस लेकरं बसली होती, ज्यांना ही खोली सोडून दुसरीकडं जायला जागा नव्हती. मी "बालवाडीत" म्हटलं असतं तर खोली राहिली असती. मुळीक सर डोळ्यांनी विनवत होते. दाराशी टेकाळे अगदी शांत उभे होते. माझ्या तोंडून काय निघेल याची त्यांनाच सगळ्यात जास्त उत्सुकता. मंजुळा माझ्याकडं बघतच नव्हती. तिला वाटतच नव्हतं की मी वेगळं काही सांगेन. ती साहेबांकडं बघत होती.

"तिसरीत," मी म्हटलं. "ही तिसरीत. तो ससा घेऊन बसलाय तो दुसरीत. भिंतीला टेकून बसलेली सगळी मोठ्या वर्गातली आहेत. कालपर्यंत त्यांच्या अंगावर गणवेश होते."

साहेबांनी मागच्या माणसाकडून तिसरीचं पुस्तक मागून घेतलं. ते रागावले नव्हते, उलट थोडे कंटाळल्यासारखे दिसत होते. पुस्तक उघडून त्यांनी मंजुळासमोर धरलं. "तिसरीत आहेस ना? मग वाच बरं."

मी मान लांब करून बघितलं. त्यांनी तोच धडा काढला होता. पानावरचं चित्र मला ओळखू आलं, मंजुळालाही आलं. तिनं तोंड उघडलं असतं तर सगळा धडा तिनं एका दमात म्हणून दाखवला असता, आणि साहेबांनी पुन्हा "वा, छान" म्हटलं असतं. मुळीक सरांच्याही ते ध्यानात आलं. ते मागून पुटपुटले, "म्हण, मंजुळा, म्हण."

"हा पाठ आहे," मंजुळा म्हणाली. "सगळ्यांनाच पाठ आहे. मला वाचता येत नाही." मग तिला वाटलं, आता हे आपल्याला खाली बसवतील. म्हणून तिनं घाईनं पुढं जोडलं, "पण मी तिसरीतच आहे."

मग माझा तोल गेला. मी मुळीक सरांना त्या सगळ्यांच्या देखत विचारलं, की हिला वाचता का येत नाही ते सांगा. हिच्या आईनं हिला कशासाठी मागं ठेवली आणि तुम्ही हिला कशासाठी वापरलीत ते सांगा. वर्षभर चहाचे निरोप न्यायला ही तिसरीत होती, आणि साहेब आले की ही बालवाडीत? लाज वाटली पाहिजे तुम्हाला. अंगाला न बसणारा फ्रॉक घालून उभी केलीत पोरीला. माझा आवाज चांगलाच चढला असणार, कारण आमचं एक लेकरू रडायला लागलं आणि गयाबाईनं त्याला उचलून घेतलं.

"बाई, हळू," निंबोरकर साहेब म्हणाले. "लेकरं घाबरतात." त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं, आणि तिथं ते जे बोलले ते मी जन्मभर विसरणार नाही.

"तुम्हाला काय वाटतं, मला दिसत नव्हतं? एवढ्या उंचीची पोरं बालवाडीत? मी जिथं जातो तिथं असंच असतं. कुठं बालवाडीत बसवतात, कुठं शेतात पाठवतात, कुठं ताप आलाय म्हणतात. आम्ही कानाडोळा करतो. शाळा टिकते, तुमच्यासारख्यांची नोकरी टिकते. तुम्ही नुसतं गप राहायचं होतं."

"मग तुम्ही तिला विचारलंच कशाला?" मी म्हटलं.

"सहज विचारलं," साहेब म्हणाले. "लहान मुलाशी काय बोलणार? आता चारचौघांत बोललात, आता मला काहीतरी लिहावं लागेल."

त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते आठवड्यानं मुळीक सरांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडीसुद्धा शरम नव्हती. शाळेची श्रेणी वरचीच राहिली होती. तिसरीचं वाचन उत्तम. दोष फक्त बालवाडीत सापडला होता: पट फुगवण्यासाठी बाईंनी वयानं मोठी मुलं बसवली होती. बाईंनी. टेकाळ्यांनी लागलीच सभा घेतली आणि बालवाडी बंद करायचा ठराव झाला. माझ्याविरुद्ध बोलायला दहा तोंडं होती, माझ्या बाजूनं बोलायला गयाबाई, आणि तिला सभेत शिरू दिलं नाही.

"तरी मी तुमच्यासाठी शब्द टाकला," सर म्हणाले. "चौकशी नको म्हटलं. महिनाअखेरपर्यंत येत जा, सही करा, ऑफिसात बसा."

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. या माणसाला शिव्या देऊन उपयोग नव्हता. त्यांना त्या कळल्याच नसत्या.

दुसऱ्या दिवशी सही करून मी ऑफिसात बसले. खिडकीतून आमची खोली दिसत होती. टेकाळ्यांची माणसं भिंतीवरची आमची चित्रं खरवडत होती, गुलाबी रंगाचे डबे येऊन पडले होते. फाटकाशी दोन-तीन आया लेकरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, अजून त्यांना पटत नव्हतं. गयाबाई त्यांना काहीतरी समजावत होती. मला ते बघवेना म्हणून मी उठले आणि अंगणात आले.

तिसरीच्या दाराबाहेर, व्हरांड्यात, मंजुळा बसली होती. गणवेशात. दप्तर मांडीवर. आतमध्ये सर शिकवत होते.

"इथं काय करतेस?"

"सर म्हणाले, वाचता येत नाही तर दुसरीत जाऊन बस."

"मग?"

"मी नाही गेले," ती म्हणाली. "मी सकाळपासून इथंच बसलेय."

सकाळपासून. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर आली होती, तरी ती दारातून हलली नव्हती, कारण हलली तर ती दुसरीत गेली असं झालं असतं. आजी म्हातारी, आई कुठल्या तरी कारखान्याच्या फडात. त्या पोरीच्या बाजूनं भांडायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मी तिचा हात धरला, चपला बाहेर काढल्या आणि तिला घेऊन वर्गात शिरले. शेवटची रांग, दाराजवळची. तिला बसवलं आणि तिच्या शेजारी मीही मांडी घालून बसले. पोरं वळून वळून बघायला लागली.

सर फळ्याजवळ थांबले. "बाई, हे काय?"

"बसले."

"तुम्हाला ऑफिसात बसायला सांगितलंय."

"माझा वर्ग तुम्ही काढून घेतला. आता मी कुठं बसायचं ते मी ठरवते."

"आणि ही दुसरीत…"

"ही तिसरीत आहे. साहेबांना माहीत आहे, टेकाळ्यांना माहीत आहे, आता सगळ्या गावाला माहीत आहे. खाली उतरवायची असेल तर तिच्या आईला येऊ द्या, तिच्यासमोर उतरवा. मी असेन तिथं."

"किती दिवस बसणार आहात असं?"

"ही वाचेपर्यंत. महिनाअखेर झाली तरी बसेन. मग मी तुमची बाई नसेन, गावातली बाई असेन, आणि गावातल्या बाईला कुणी ऑफिसात पाठवू शकत नाही. शिकवा सर. पोरं खोळंबली आहेत."

सरांनी थोडा वेळ वाट बघितली, मी उठते का म्हणून. मग त्यांनी पाठ फिरवली आणि फळ्यावर काहीतरी लिहायला घेतलं, त्यांच्या नेहमीच्या बारीक, तिरक्या अक्षरात, पुढच्या दोन रांगांसाठी. मागून मला नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मला अक्षर येत असून दिसत होत्या, मग वर्षभर या पोरीला काय दिसलं असेल.

"सर, इथनं काही दिसत नाही," मी म्हटलं. "पुसा ते. मोठं काढा."

सरांची मान मागून लाल झाली. मग त्यांनी फडकं घेतलं, पुसलं, आणि फळ्याच्या मधोमध एकच अक्षर काढलं, हातभर उंच, रागानं, खडू मोडेपर्यंत दाबून. मंजुळानं ते बघितलं. मग ती माझ्याकडं वळली.

"बाई, ते काय आहे?"

"मला नको विचारू. ज्यांनी काढलं त्यांना विचार."

तिनं हात वर केला. त्या रांगेतून हात वर आलेला सरांनी कधी बघितला नसावा, कारण ते मोडका खडू हातात धरून त्या हाताकडं बघतच राहिले. मंजुळानं हात खाली घेतला नाही.

"सर, ते काय आहे?" तिनं विचारलं.

"तो म," मुळीक सर म्हणाले. म्हणताना ते बघत होते माझ्याकडं.

"मला येतो तो," मी म्हटलं. "तिच्याकडं बघून सांगा."